शहाण्याचे इंग्रजी चुलतभाऊ

मंडळी, कापसाच्या मुलखात बोलायला बोलावलंत, तर कापसापासूनच सुरुवात करतो. सरकी निघते जिनिंगमध्ये. हा 'जिन' कुठला? प्यायच्या जिनशी त्याचं काही नातं नाही. हसू नका, मला हे खरंच विचारलं गेलंय! तो आहे 'एंजिन'चं शेपूट. एली व्हिटनीने अमेरिकेत १७९३ साली सरकी काढायचं यंत्र केलं, त्याला 'कॉटन जिन' नाव पडलं. पण 'जिन' त्याच्या कितीतरी आधी इंग्रजीत सापळ्याला, युक्तीच्या यंत्राला म्हणत. मुळात लॅटिन 'इंजेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा 'एंजिन' म्हणजे अक्कल, युक्ती, प्रसंगी डावपेचसुद्धा. मग युक्तीने केलेली वस्तू, त्यातही तटबंदी फोडायची यंत्रं. ती करणारा तो इंजिनियर. वाफ फार उशिरा आली.

आता मला ज्याच्यावर खरं बोलायचंय तो शब्द, 'कनिंग'. आज याचा अर्थ कावेबाज, कोल्ह्यासारखा. पण १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये शौल राजाचं मन शांत करायला वीणेसारखं हार्प वाजवणारा माणूस शोधतात, तो 'कनिंग' हवा असतो. माझ्या वर्गात एका मुलाने याचं 'धूर्त वादक' केलं होतं. चूक त्याची नाही, शब्दाने चारशे वर्षांत कूस बदलली. त्याच बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्रात परदेशात नेलेले लोक म्हणतात: जेरुसलेमा, तुला विसरलो तर माझा उजवा हात आपलं 'कनिंग' विसरो. गंमत म्हणजे मूळ हिब्रूत फक्त 'विसरो' आहे. काय विसरो, ते अनुवादकांनी पदरचं घातलं. हाताने काय विसरावं म्हणजे त्याचं सगळं गेलं, तर 'कनिंग', असं त्यांना वाटलं. मराठीत इथे मी एकच शब्द ठेवीन: हातोटी. आपण तर बोलण्याचीही हातोटी म्हणतो, तोंडाच्या कामालाही हातच लावतो.

'कनिंग' आला 'जाणणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून. 'कॅन' आणि 'नो' (know, नकाराचा 'नो' नव्हे) त्याचे सख्खे. ते मूळ आणि संस्कृत 'ज्ञा' एकच. आणि आपला 'शहाणा'? तो 'सज्ञान'मधून आला. म्हणजे कनिंग आणि शहाणा हे दूरचे चुलतभाऊ, आणि दोघांचं नशीबही सारखंच. "फार शहाणा आहेस!" हे कुणी कौतुकाने म्हणतं का? 'दीडशहाणा' तर शिवीच. जाणणाऱ्याचा लोकांना आधी आदर वाटतो, मग संशय. हाताने काम करणाऱ्याला काहीतरी कळतं आणि ते आपल्याला कळत नाही, याची ही पोटदुखी असावी. निदान मला तसं वाटतं. 'क्राफ्टी'चंही तेच. जर्मनीत 'क्राफ्ट' म्हणजे अजून बळ, जुन्या इंग्रजीतही बळ आणि कौशल्य दोन्ही, आणि आज 'क्राफ्टी' माणूस म्हणजे ज्याच्यापासून पाकीट सांभाळावं असा.

उलटा चढलेला एकच मला पटकन आठवतो: 'श्रूड'. श्रू म्हणजे चिचुंद्री. तिचा चावा विषारी समजत. चौदाव्या शतकात 'श्रूड' म्हणजे सरळ दुष्ट, आणि आज मुरलेल्या व्यापाऱ्याचं ते प्रशस्तिपत्र. चिचुंद्रीचं एवढं भाग्य दुसरीकडे कुठे उजळलेलं नाही.

'सॅव्ही' तुम्ही रोज ऐकता, 'टेक-सॅव्ही'मध्ये. तो बंदरांवरच्या मोडक्यातोडक्या बोलीतून आला. स्पॅनिश-पोर्तुगीज 'साबे', कळतं का? त्याच्यामागे लॅटिन 'सापेरे', म्हणजे चव लागणं आणि समजणं, दोन्ही. 'होमो सेपियन्स'मधला सेपियन्सही त्याच घरचा.

जाता जाता 'कनिंग'चा एक भाऊ दाखवतो, 'कॅनी'. तोही 'कॅन'चाच. स्कॉटलंडमध्ये तो जपून पैसा खर्चणारा, व्यवहारी. इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसलकडे मात्र 'कॅनी' म्हणजे नुसतं छान. शेजारीण कॅनी, चहा कॅनी, आजची हवाही कॅनी. तिथे त्याच्यावर अजून कुणी संशय घेतलेला नाही.