खिडकीतून टाकलेला रुमाल आणि जांभळे ठोकळे

(बोर्डगेम खेळणाऱ्यांच्या मासिक बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. ‘वर्कर प्लेसमेंट’ म्हटल्यावर ज्यांना कारखान्यातली भरती आठवली, त्यांच्यासाठी आधी एक मिनिट. यष्टी फलाटाला लागते, दार अजून उघडलेलं नसतं, आणि कुणीतरी खिडकीतून आत रुमाल टाकतो. झालं, जागा त्याची. आता तुम्ही दुसरी बघा. या जातीचे सगळे खेळ या रुमालावर चालतात. पटावर जागा असतात, तुमच्याकडे मोजकी प्यादी असतात, आणि तुम्ही बसलात की ती जागा त्या फेरीपुरती दुसऱ्याला बंद. 2005 च्या ‘केलस’पासून या प्रकाराला जोर आला. 2007 चा ‘ॲग्रिकोला’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल, पोरांना जेवायला घालता घालता नाकी नऊ येतात तो.

आज बोलायचंय ते 2012 च्या ‘लॉर्ड्स ऑफ वॉटरडीप’बद्दल. पीटर ली आणि रॉडनी थॉम्पसन यांचा खेळ, प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्ट, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं वठवत खेळायचा फँटसी खेळ काढणारे. वॉटरडीप हे त्यांच्याच ‘फरगॉटन रेल्म्स’ या काल्पनिक जगातलं बंदराचं शहर. तिथे राज्य करणारे सरदार तोंडावर मुखवटे घालतात, कोण कोण आहे ते जनतेला ठाऊक नसतं. तुम्ही त्यातले एक.

या खेळावरचा सगळ्यात जुना आक्षेप तुम्हीही ऐकला असेल: ‘फँटसीचं नुसतं वेष्टण आहे हो, आत हिशेबच.’ पटावर तलवारबाज म्हणजे केशरी ठोकळा, चोर काळा, पुजारी पांढरा, जादूगार जांभळा. अमुक रंगाचे इतके ठोकळे द्या, कामगिरी पूर्ण, गुण घ्या. आमच्या टेबलावर ‘माझे दोन जादूगार’ असं कुणी म्हणत नाही. ‘दोन जांभळे टाक इकडे’ म्हणतात. (पिवळ्या दिव्याखाली जांभळा आणि काळा ओळखता येत नाही. ट्यूबलाइट लावा.)

हा आक्षेप मला बरीच वर्षं पटत होता. आमच्यातल्या एकाने तर हौसेने ठोकळ्यांच्या जागी लाकडाच्या छोट्या बाहुल्या आणल्या. टोपीवाला जादूगार, ढालवाला शिपाई. दिसायला झकास. खेळात तसूभर फरक पडला नाही, फक्त मोजायला वेळ जास्त लागायला लागला. तिथे मला शंका आली की आपण कथा चुकीच्या ठिकाणी शोधतोय.

आपल्याकडचा मोक्षपट आठवा. परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. सापाच्या तोंडाशी दुर्गुण, शिडीच्या पायाशी सद्गुण. साप कसा रंगवलाय याला महत्त्व नाही, त्या घरात पडलात की घसरता. अर्थ नियमात बसलेला आहे. फँटसी खेळाला मी आता तेवढंच विचारतो. चित्रं झाकली तर काय उरतं?

वॉटरडीपची चित्रं झाका. साध्या जागांवर एका प्याद्याला दोन केशरी मिळतात, किंवा दोन काळे. पण जांभळा मिळतो एकच, पांढराही एकच. म्हणजे जादूगार दुर्मीळ आहे हे वर्णन न वाचता तुमच्या बोटांना कळतं. आणि ती माणसं? कामगिरी झाली की ठोकळे परत डब्यात. कोण जगलं, कोण मेलं, विचारायची सोय नाही. तुम्ही लढाईत नाहीच मुळी. वाड्यात बसून माणसं पाठवणारा सरदार तुम्ही, आणि त्या सरदाराला माणसं ठोकळ्यांसारखीच दिसणार! बाहुल्या आणून आम्ही उलट खेळाचा खरेपणा घालवला होता.

आता यंत्रणा कशी चालते ते. आठ फेऱ्या. चौघांत खेळलात तर सुरुवातीला प्रत्येकी दोन एजंट (इथे प्याद्यांना एजंट म्हणतात), पाचव्या फेरीला एकेक वाढतो. म्हणजे आख्ख्या डावात तुम्हाला रुमाल टाकायला मिळतात 20 वेळा. तिघांत 28, दोघांत 36. पाचवा माणूस बसवलात तरी प्रत्येकाला 20 च, फक्त दोन पाळ्यांच्या मध्ये चहा होऊन जातो. माझं मत विचाराल तर तिघे किंवा चौघे.

बंदराची जागा मात्र खास. तिथे एजंट ठेवला की कारस्थानाचं एक कार्ड खेळता येतं, आणि सगळ्यांचे एजंट ठेवून झाले की बंदरावरचे एजंट उचलून उरलेल्या मोकळ्या जागी पुन्हा बसवता येतात. एकाच तिकिटावर दोन प्रवास. नवखा खेळाडू बंदराला घाबरतो आणि जुना तिथेच जाऊन बसतो. दोष म्हणा हवं तर, पण बंदराच्या शहरात बंदरावरच कारस्थानं शिजावीत हे मला आवडतं.

कारस्थानांपैकी एक प्रकार भांडणं लावणारा आहे: सक्तीची कामगिरी. कुणीतरी तुमच्यापुढे एक फालतू काम टाकतं. गुण नगण्य, पण ते उरकल्याशिवाय दुसरं काहीही पूर्ण करता येत नाही. शेवटच्या फेरीत, 25 गुणांच्या कामगिरीचे सगळे ठोकळे माझ्यापुढे रांगेत लावलेले असताना, माझ्यावर हे झालंय. एका पाळीत एकच कामगिरी पूर्ण करता येते, आणि माझा एकच एजंट शिल्लक होता. ती पाळी फालतू कामात गेली, आणि मोठ्या कामाचे ठोकळे शेवटी एकाला एक गुण या भावाने विकले. कार्ड टाकणाऱ्याशी मी घरी निघेपर्यंत बोललो नव्हतो. नंतर बोललो, कारण गाडी त्याची होती. चिडखोर मंडळी असतील तर ही कार्डं सरळ बाजूला काढा, खेळ लंगडा होत नाही.

नशिबाचा भाग जास्त आहे, हे मात्र मान्य करायला हवं. सुरुवातीला गुपचूप मिळालेलं सरदाराचं कार्ड दोन प्रकारच्या कामगिऱ्यांवर प्रत्येकी 4 जादा गुण देतं. समोर उघड्या फक्त चार कामगिऱ्या, आणि तुमच्या प्रकारच्या आल्याच नाहीत तर बसा बोंबलत. शिवाय उपासमारीची भीती नाही. काहीही केलंत तरी काही ना काही पदरात पडतं. ‘ॲग्रिकोला’त मुरलेल्यांना हे मिळमिळीत वाटेल.

त्यांनी या खेळाचा 2013 चा विस्तार, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा जादा संच, घ्यावा, ‘स्काउंड्रल्स ऑफ स्कलपोर्ट’. त्यात भ्रष्टाचाराच्या कवट्या आहेत. काही जागा घसघशीत फायदा देतात, पण सोबत कवटी घ्यावी लागते. या कवट्या एका सामाईक पट्टीवरून उचलल्या जातात, आणि पट्टी जितकी रिकामी, तितका शेवटी प्रत्येक कवटीचा दंड मोठा. म्हणजे मी पहिल्या फेरीत मोहापायी उचललेली एकुलती एक कवटी, तुम्ही सगळे हपापलात म्हणून मला महाग पडते. यात एकाही राक्षसाचं चित्र लागत नाही. फँटसी खेळात यापेक्षा नेमकी कथा मी फारशी पाहिलेली नाही.

मुखवट्यांचं राहिलंच. अकरा सरदारांपैकी दहा जण कामगिऱ्या मोजतात. अकरावी, लॅरिसा नीथल, इमारती मोजते, प्रत्येकीचे 6 गुण. पटावर इमारत विकत घेता येते, दुसरा कुणी तिथे एजंट बसवायला आला की मालकाला काहीतरी मिळतं. एकदा चौथा माणूस कमी पडला म्हणून यजमानांच्या काकूंना बसवलं. इंग्रजी कार्डं पुतण्या कानात सांगत होता. काकू कामगिरीकडे ढुंकून बघेनात. सोनं जमवायच्या आणि इमारत घ्यायच्या. आम्हाला वाटलं, बिचाऱ्यांना खेळ कळला नाही, आणि त्यांच्याच इमारतींत आम्ही खुशाल एजंट बसवत राहिलो. प्रत्येक वेळी काकू हात पुढे करून म्हणायच्या, ‘भाडं?’

शेवटी मुखवटे उतरले. पाच इमारती, लॅरिसा नीथल, 30 गुण.