मोरी नव्हे, मोडसो

[दृश्य : बेतूल. साळ नदी समुद्राला मिळते ती जागा. होडी बाहेर पडते आहे.]

रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, काय येतं, ते गोव्यातलं शाळकरी पोरही सांगेल. तारले, बांगडे, कधी लेपो. पण किनारा मागे पडला आणि खोल पाण्यात गळ ओढत निघालं, की कधीकधी असं काही वर येतं की होडीवरचे सगळे नुसते बघत राहतात.

[दृश्य : गळाला लागलेला लांब, काळपट मासा पाण्यातून वर येतो.]

"मोरी! मोरी!" पहिली हाक हीच, मोरी म्हणजे शार्क. डोकं चपटं, अंग लांब, रंग काळपट तपकिरी, पाण्यात वळतोही मोरीसारखाच. तरी थांबा. आधी त्याच्या गालाकडे बघा. मोरीला तिथे उभ्या चिरा असतात, बहुतेक जातींत पाच. याला कल्ल्यावर एकच झाकण आहे. म्हणजे हा हाडांचा मासा. मोरीचा सांगाडा कूर्चेचा असतो.

मग दुसरा संशय. मोठ्या माशांच्या पोटाला चिकटून फिरतो तो रेमोरा तर नसेल? अंगावर तसाच गडद पट्टा आहे, ठेवणही जवळपास तीच.

[दृश्य : माशाचं डोकं आणि पाठ, अगदी जवळून.]

उत्तर पाठीवर आहे. रेमोराच्या डोक्यावर चपलेच्या तळव्यासारखी आडव्या रेघांची चकती असते. ती चकती म्हणजे बदललेला पाठीचा पहिला पर. आपल्या माशाला चकती नाही. त्या पराच्या जागी आखूड, टणक काटे आहेत, एकमेकांपासून सुटे, मध्ये पडदा नाही. बोट फिरवून मोजा : सहा ते नऊ भरतात. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला. आता शंका नको. हा मोडसो, इंग्रजीत कोबिया. आपल्या कुळातली ही एकमेव जात. दोन मीटरपर्यंत वाढते, वजन साठ किलोच्या वर जाऊ शकतं. मोठ्या पाकटांच्या आणि मोरींच्या सोबतीने फिरायची याला सवय, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो.

या सगळ्यात रंगाचा आधार आपण जवळजवळ घेतलाच नाही, आणि ते मुद्दाम. मासा फळीवर आला की रंग उडायला लागतो. डोराडो माशाचा सोनेरी-हिरवा झगमगाट काही मिनिटांत राखाडी होतो. मोडसोचं पिल्लू काळं-पांढरं पट्टेदार असतं, मोठेपणी ते पट्टे फिके पडतात. काटे, जबडा, परांची जागा मात्र तीच राहते. म्हणून बर्फात टाकण्याआधी, पर पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून बाजूने फोटो काढा. पाठीच्या काट्यांचा वेगळा काढा. जागा आणि खोली लिहून ठेवा.

इसवण, म्हणजे सुरमई, आणि वाहू या माशांचंही असंच. दोघांच्या अंगावर उभे पट्टे. फरक अंगावरच्या रेषेत : वाहूची पाठीच्या पहिल्या पराखालीच खाली वळते, इसवणीची पार मागे, दुसऱ्या पराच्या शेवटापाशी.

[दृश्य : होडीच्या कडेला जाळं सोडवणारे हात.]

ओळख पटवणं हा नुसता हौसेचा भाग नाही. केंडाच्या अंगातलं विष शिजवून जात नाही, त्याने माणूस दगावतो. दातांच्या चार पट्ट्यांची चोच आणि फुगणारं पोट दिसलं, तर तो मासा घरी नेऊ नका. मांजरालाही घालू नका. देवमोरी, म्हणजे व्हेल शार्क, आणि करवत मासा यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जाळ्यात सापडले तर जिवंत सोडायचे, जाळं कापावं लागलं तरी. आमच्या मते इथे दुसरा विचारच नको.

आणि एवढं करूनही नाव सापडलं नाही तर? पराचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या बाटलीत टाका. त्यातल्या डीएनएवरून जात ठरवता येते. समुद्री जीवांचे अभ्यासक फार लांब नाहीत : दोनापावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तर कारवारला केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचं केंद्र. बाटलीवर तारीख, जागा आणि खोली लिहा. पेन्सिलने लिहा, शाई स्पिरिटमध्ये विरघळते.