शार्कचा दात आणि त्याचा पत्ता

पारसिकच्या डोंगरात शार्कचे अश्मीभूत दात सापडत नाहीत. ठाण्याकडून बेलापूरकडे गेलेली ही रांग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाची आहे. तिच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे देखणे स्फटिक मिळतात. दात मात्र समुद्रतळाच्या गाळातच टिकतो. म्हणून नवी मुंबईतल्या संग्राहकाच्या खणातला असा प्रत्येक दात बाहेरगावचा असतो.

आपल्या देशात कच्छमधील आणि ओडिशातील बारिपदाजवळच्या मायोसीन काळातील (सुमारे 2 कोटी 30 लाख ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) थरांतून असे दात मिळाले आहेत. बाजारात सर्वाधिक दिसतात ते मोरोक्कोतील खुरिब्गा परिसरातल्या फॉस्फेटच्या खाणींचे.

एवढे दात येतात कुठून, याचे उत्तर बेलापूरजवळच्या दिवाळे या कोळी गावच्या धक्क्यावर मिळते. तिथे उतरलेल्या मुशीचा, म्हणजे शार्कचा, जबडा उघडून पाहिला, तर पुढच्या दातांमागे बदली दातांच्या रांगा आडव्या पडलेल्या दिसतात. शार्क आयुष्यभर हजारो दात टाकतो; त्याचा सांगाडा कूर्चेचा असल्यामुळे सहसा कुजून जातो, आणि मागे दातच उरतात. 1666 साली इटलीतील लिव्होर्नोजवळ पकडलेल्या शार्कचे डोके तपासताना डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांना त्याच्या दातांचे खडकांत सापडणाऱ्या त्रिकोणी दगडांशी असलेले साम्य जाणवले. तोपर्यंत हे दगड आकाशातून पडतात, असे मानणारे विद्वानही होते!

आता भिंगाखाली मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कचा दात पाहू. मोठ्या नमुन्याची तिरकी उंची 15 सेंटिमीटरहून अधिक भरते. दोन्ही कडांना बारीक, एकसारखे करवती दाते आहेत, आणि जिभेकडच्या फुगीर बाजूला, चकाकत्या शिखराच्या व खरबरीत मुळाच्या मध्ये, एक गडद पट्टा कोनासारखा उतरलेला आहे. शेजारी ठेवलेल्या ओटोडस ऑब्लिकस या दुसऱ्या नामशेष शार्कच्या दाताच्या कडा गुळगुळीत असून त्याच्या बुडाशी दोन उपशिखरे, म्हणजे बाजूची छोटी टोके, आहेत. रंगावरून मात्र जात ठरवू नये, कारण काळा, राखाडी किंवा पिवळसर रंग दात ज्या गाळात पुरला गेला त्यातील खनिजांमुळे येतो.

नकली दातापेक्षा दुरुस्त केलेला दात अधिक फसवतो. तुटलेले मूळ भरणीने घडवलेले असते, झिजलेल्या कडेवर दाते नव्याने कोरलेले असतात, आणि कधी अस्सल दातच गोंद व वाळूच्या बनावट खडकात बसवलेला असतो. भरणीच्या जागी नैसर्गिक छिद्रे नसतात आणि कोरलेले दाते कडेवर एकाएकी सुरू होतात. मुळावरून आणि कडेवरून भिंग हलवत नेल्यास हे दोन्ही दोष बहुधा सापडतात.

तरीही आमच्या मते, मूळ तुटलेला पण ठिकाण व थर नोंदवलेला लहान दात हा ‘मोरोक्को’ एवढीच चिठ्ठी असलेल्या देखण्या दातापेक्षा मोलाचा आहे. पहिल्यावरून त्या समुद्राचा काळ आणि त्यातील सोबतचे प्राणी सांगता येतात, दुसऱ्यावरून फारसे काही सांगता येत नाही. चिठ्ठ्या खणात सरमिसळ होतात, म्हणून क्रमांक मुळाच्या मागील बाजूवर बारीक शाईने लिहावा आणि तोच वहीत ठिकाण, थर व तारखेसह नोंदवावा.