सोयाबीन पोटात गेल्यावर

(दृश्य: लातूर, आडत बाजार)
पोती फुटली, ढीग लागले. मूठभर दाणे यंत्रात गेले; ओलावा किती निघतो, त्यावर भाव. इथून माल जातो तेल गिरणीत. तेल आपल्या कढईत, पेंड कोंबडीखाद्याला. पण सोयाबीनमधली आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं तेलात जवळपास उतरतच नाहीत, पेंडीतच राहतात. पिकवतो शेतकरी, सत्त्व आधी कोंबडीच्या वाट्याला!

(दृश्य: पातेल्यात फुगणाऱ्या सोयावड्या)
तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या या वड्या. आयसोफ्लेव्होन यांत बऱ्यापैकी टिकतात, पण बहुतेकांना साखरेचा रेणू चिकटलेला असतो आणि तो सुटल्याशिवाय ती सहजी अंगी लागत नाहीत. काही साखर लहान आतड्यातच सुटते, उरलेली मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. मोकळं होतं त्यातलं एक, डायडझीन.

(दृश्य: प्रयोगशाळा, पारदर्शक पेटी, काळे रबरी हातमोजे)
या पेटीत प्राणवायू नाही. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन, बस्स. कारण आतल्या मंडळींना, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंना, आपली हवा सोसत नाही. ॲडलरक्रॉयट्झिया, स्लॅकिया अशी त्यांची नावं. निवेदकाची जीभ वळेना, तरी घेतलीच पाहिजेत. काम बघा कसं चालतं: एक विकर (एन्झाइम) डायडझीनला हायड्रोजन जोडतं, दुसरं पुढची पायरी उरकतं, तिसरं त्यातला ऑक्सिजन काढून टाकतं. हाती येतं इक्वोल, शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागणारं द्रव्य. दुसरे काही जिवाणू याच डायडझीनचं मधलं कडं फोडतात. मग इक्वोल होतच नाही.

(दृश्य: कुरणातल्या मेंढ्या, जुनी छायाचित्रं)
इक्वोल पहिल्यांदा सापडलं 1932 साली, गाभण घोडीच्या मूत्रात. पुढे 1940च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्या गवतातल्या अशाच एका द्रव्याचं मेंढीच्या पोटात इक्वोल होत होतं. माणसाच्या मूत्रात ते ओळखायला 1982 उजाडलं.

(दृश्य: संगणकावर दोन आलेख)
दोघांनी सोयाबीन सारखंच खाल्लं. पहिल्याच्या मूत्रात इक्वोलचं टोक वर, दुसऱ्याची रेघ सपाट. पाश्चात्त्य देशांत साधारण 25 ते 30 टक्के लोकांच्या पोटात इक्वोल होतं, जपानमध्ये निम्म्याहून अधिक. रजोनिवृत्तीतल्या गरम वाफांवर त्याचा उपयोग होतो का, यावर अभ्यास झालेत. निष्कर्ष एकसारखे नाहीत.

(दृश्य: गोळ्यांचं पाकीट)
ज्यांच्या पोटात हे जिवाणू नाहीत, त्यांच्यासाठी जपानमध्ये सोयाबीनचे अंकुर लॅक्टोकोकस जिवाणूनं आंबवतात. त्यातून तयार इक्वोलच्या गोळ्या तिथं दुकानात मिळतात.