प्रार्थना आधी की गाडीची चावी?

'कैद्यांसाठी प्रार्थना' असा या सभेचा विषय तुम्ही निमंत्रणपत्रिकेवर छापलात, आणि मी पहिल्याच शब्दाला अडखळले. अमेरिकेत इमिग्रेशनच्या कारणावरून ज्यांना डांबून ठेवतात, ते कायद्याच्या भाषेत कैदी नाहीतच. ती कोठडी दिवाणी स्वरूपाची. देशाबाहेर काढणं ही शिक्षा नव्हे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १८९३ सालीच सांगून टाकलंय. ऐकायला बरं वाटतं. पण शिक्षा नाही म्हणून सरकारी खर्चानं वकील मिळत नाही, आणि सजा भोगणाऱ्याला असते तशी सुटकेची तारीखही नसते. गणवेश, गजर, हजेरी, सगळं तुरुंगाचंच. पुष्कळदा इमारतसुद्धा तुरुंगाचीच असते.

तारीख नसणं म्हणजे काय, हे अशा माणसांच्या भेटीला गेल्याशिवाय कळत नाही. मी जाते. तारीख असली की माणूस दिवस मोजतो. नसली की तो स्वतःलाच खात बसतो. म्हणून या भेटींच्या कामात प्रवचनाचा उपयोग फारसा नाही. ऐकणारा हवा.

शिकागोजवळ ब्रॉडव्ह्यू नावाचं गाव आहे. तिथल्या इमिग्रेशन केंद्रातून दर शुक्रवारी सकाळी माणसांना परत पाठवायला बस निघत. मर्सी संघाच्या दोन कॅथलिक नन, सिस्टर पॅट मर्फी आणि सिस्टर जोआन पर्श, २००७ च्या सुमारास त्या दाराबाहेर जपमाळ घेऊन उभ्या राहू लागल्या. थंडी शिकागोची, आणि वय दोघींचं सत्तरीच्या पुढे. आत सोडा म्हणाल्या तर नकार. काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, जेलमध्ये भेटायला गेल्या, तिथंही नकार. मग या बायकांनी काय करावं? जपमाळ चालू ठेवली आणि आमदारांचे उंबरे झिजवले. २००८ साली इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागोच्या राज्यात, कायदा झाला, की काउंटी जेलमध्ये ठेवलेल्या स्थलांतरितांना धर्मसेवकांची भेट मिळालीच पाहिजे. प्रार्थनेनं काय होतं असं विचारणाऱ्यांना मी हा कायदा दाखवते. नुसत्या प्रार्थनेनं झाला नाही, हेही सांगते.

पुढं २०२१ मध्ये त्याच राज्यानं काउंट्यांना स्थलांतरितांना जेलमध्ये ठेवून घ्यायचे केंद्र सरकारशी करार करायलाच बंदी केली. हेतू चांगला होता. पण ताब्यात घेतलेली माणसं दुसऱ्या राज्यांत जाऊ लागली, आणि तिथं इलिनॉयचा कायदा चालत नाही. भेटायला जाणाऱ्यांचे प्रवासाचे तास वाढले.

आणि हा केवळ ख्रिस्ती लोकांचा प्रश्न समजू नका. २०१८ मध्ये ऑरेगन राज्यातल्या शेरिडनच्या केंद्र सरकारी तुरुंगात सव्वाशेच्या आसपास आश्रयार्थी ठेवले होते. त्यांत पंजाबातले शीख पुष्कळ. पगडीला कापड मिळेना, म्हणून प्रकरण कोर्टात न्यावं लागलं. उघड्या डोक्यानं अरदास, म्हणजे शिखांची प्रार्थना, करायला लावणं कुठल्याही कागदावर छळ म्हणून नोंदलं जात नाही, हे लक्षात घ्या.

आता माझी एक भेट. मधे जाड काच, दोन्ही बाजूंना फोन. माझ्या फोनची वायर इतकी आखूड, की वाकूनच बोलावं लागे. पलीकडे चाळिशीचा माणूस, कामावर जाताना पकडलेला. मी स्तोत्राचं पुस्तक काढलं. "तुमच्यासाठी काय मागू?" असं विचारलं. जरा मोठेपणानंच विचारलं असणार. तो म्हणाला, "ताई, माझी गाडी तिथंच रस्त्यावर उभी आहे. उचलून नेतील. चावी इथं माझ्या सामानात अडकलीय. दुसरी चावी स्वयंपाकघरातल्या खणात आहे, बायकोला सांगा. आणि माझा ए-नंबर लिहून घ्या, तिला मी सापडत नसेन." ए-नंबर म्हणजे इमिग्रेशन खात्यानं माणसाला दिलेला ओळख क्रमांक.

तो नऊ आकडी नंबर मी तळहातावर लिहिला, कारण आत सुटा कागद नेऊ देत नव्हते. पुस्तक मांडीवर तसंच मिटलेलं राहिलं. बाहेर येऊन आधी त्याच्या बायकोला फोन केला. दुसऱ्या आठवड्यात गेले तेव्हा तो काचेसमोर बसायच्या आधीच विचारत होता, "मिळाली का गाडी?" मिळाली होती. मग तो म्हणाला, "हां, आता वाचा."