शैली उचलू नका, अडचण उचला

(उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्या सरांनी मला या सत्राचं ब्रीफ आधीच पाठवलं होतं. प्रत्येकाला एकेक कलाचळवळ वाटून दिली आहे आणि तिच्या ‘शैलीत’ एक पोस्टर करायचं आहे. पैज लावून सांगतो, आर्ट नूवो ज्याच्या वाट्याला आली त्याच्या पोस्टरमध्ये लांब केसांची बाई असणार आणि केसांच्या लाटा चौकटीला वेटोळे घालत असणार. कन्स्ट्रक्टिव्हिझमवाल्याकडे लाल-काळा रंग, एक तिरकी पट्टी, एक ओरडणारा चेहरा. सायकेडेलिकवाला वितळलेल्या अक्षरांचा फॉन्ट डाउनलोड करून मोकळा झालेला असेल. मार्कही बरे पडतील. पण त्या माणसांनी हे असं का केलं, हे विचारलंच नाही तर तुमच्या हाती फक्त सजावट लागते. प्रत्येक शैलीच्या बुडाशी एक अडचण असते. ती शोधा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

पॅरिसपासून सुरुवात करू. तिथल्या जुन्या इमारतींवर आजही रंगवलेली एक सूचना दिसते : जाहिराती लावू नयेत, २९ जुलै १८८१ चा कायदा. गंमत अशी की मुद्रणस्वातंत्र्याच्या याच कायद्याने पोस्टर लावणं एकूण सोपं करून टाकलं. मनाई राहिली ती ठरावीक भिंतींवर, बाकी शहर मोकळं झालं. म्हणजे भिंती उपलब्ध आणि शिळाप्रेसचं तंत्रही हाताशी. झ्यूल शेरे या पोस्टर-चित्रकाराने मोठ्या आकाराची रंगीत छपाई त्याआधीच रुळवली होती. शिळाछपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागतो. चित्र त्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने काढायचं, दगड ओला करायचा, छापायची शाई फक्त तेलकट भागाला धरते. रंग वाढला की दगड वाढला, दगड वाढला की खर्च आणि वेळ वाढला. शिवाय दुसरा दगड पहिल्यावर नेमका जुळवायची कटकट.

आता चित्रकार तुलूझ-लोत्रेकने १८९१ मध्ये ‘मुलँ रूज’ या पॅरिसमधल्या नृत्यगृहासाठी केलेलं पोस्टर बघा. पडद्यावर नीट बघा, घाई नको. मधोमध तिथली नर्तकी ला गुलू नाचते आहे. पुढे करड्या रंगात तिचा जोडीदार नर्तक वालांतँ, त्याचा नुसता छायाकार, टोकदार नाक आणि उचललेला हात. मागे टोपीवाल्यांची गर्दी. किती माणसं आहेत? मोजता येत नाहीत, कारण ती सगळी मिळून एकच काळा पट्टा झाली आहेत. एका दगडात अख्खी गर्दी उरकली! आणि नाचणारीचा तो पांढराशुभ्र परकर? तो छापलेलाच नाही, तो कोरा कागद आहे. सगळ्यांत जास्त डोळ्यात भरणारी जागा फुकटात मिळवलेली. काही ठिकाणी शाईचे बारीक शिंतोडे दिसतात, ते ब्रशने उडवलेले. सपाट रंगांत पोत आणायची ती स्वस्त युक्ती. जपानी ठोकळाचित्रांचा प्रभाव आहेच, पुस्तकात तुम्ही वाचलेलाही असेल. पण तो प्रभाव त्याला पचला, कारण जपानी कारागीरही एकेका रंगाला एकेक ठोकळा वापरत होते. दोघांची अडचण एकच होती.

यापुढची जोडी माझी आवडती आहे. साल १८९४. डिसेंबरच्या शेवटी पॅरिसच्या लमेर्सिए छापखान्यात आर्ट नूवोच्या अल्फोन्स मुखाला अभिनेत्री सारा बर्नार्टच्या ‘जिस्मोंदा’ या नाटकाचं पोस्टर घाईघाईत करायला मिळालं. त्याच साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दोन्हीकडे दगड तेच, रसायन तेच, रविवर्म्याकडे तर तंत्रज्ञही जर्मनीहून आलेले. मग मुखाची सारा आणि रविवर्म्याची लक्ष्मी इतक्या वेगळ्या का?

नुसतं चित्रकारांचा पिंड वेगळा म्हणून सोडून देऊ नका. मुखाचं पोस्टर दोन मीटरहून उंच आणि पाऊण मीटर रुंद आहे. म्हणजे बाई जवळजवळ माणसाएवढी, फुटपाथवर तुमच्या शेजारी उभी. ती रस्त्यापलीकडून ओळखू यायला हवी, म्हणून ठसठशीत बाह्यरेषा, फिकट सपाट रंग, डोक्यामागे कमानीत नाव. रविवर्म्याची लक्ष्मी देवघरात गेली. तिच्याकडे लोक हातभर अंतरावरून, रोज सकाळी, वर्षानुवर्षं बघणार. तिथे गालावरची छटा, साडीची किनार, कमळाच्या पाकळीची कड हे सगळं दिसतं आणि ते लागतंही. म्हणून जादा दगड परवडले. तंत्र एकच, बघण्याचं अंतर वेगळं. तुमच्यापैकी किती जणांनी पोस्टर सुरू करण्याआधी हे अंतर ठरवलं? हात वर करू नका, राहू द्या.

जाता जाता एक तक्रार. तुमच्या यादीत कोल्हापूर नाही. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत सिनेमात आले आणि स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरंही करू लागले. १९२४ मधलं ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. पुढच्या वर्षी हे नाव यादीत घाला, सर.

आता रशिया. क्रांतीनंतर यादवी युद्ध, कागदाची टंचाई, छापखाने बंद किंवा मोडकळीला आलेले, आणि बातमी मात्र रोज लोकांपर्यंत पोचवायची, तीही लोकसंख्येचा मोठा भाग निरक्षर असताना. रोस्ता या वृत्तसंस्थेने १९१९ पासून पोस्टरं केली ती स्टेन्सिल कापून, हाताने रंग भरून, आणि लावली रिकाम्या दुकानांच्या खिडक्यांत. मायाकोव्हस्कीसारखा कवी तिथे दिवसरात्र राबत होता. स्टेन्सिलने नाजूक रेषा येतच नाही, म्हणून ते ठोकळ्यासारखे लाल कामगार आणि पोट सुटलेले भांडवलदार. तुम्ही ज्याला कन्स्ट्रक्टिव्हिस्ट लूक म्हणता, त्यातला बराच मालमसाला असा टंचाईतून आलेला आहे.

आणि स्टेनबर्ग बंधू! सिनेमाची त्यांची पोस्टरं तुम्ही फोटो कापून चिकटवल्यासारखी समजता. ती हाताने रेखाटलेली आहेत. त्या काळच्या यंत्रांवर मोठ्या आकारात फोटो धड छापला जात नव्हता, म्हणून या भावांनी एक प्रोजेक्टर जुळवला. त्यातून चित्रपटाची चौकट मोठी करायची, हवी तशी वाकडी करायची आणि मग गिरवायची. चेहऱ्यांना येणारा तो विचित्र ताण तिथून आलेला. आता तुमच्यापैकी कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये फोटो कापून ‘स्टेनबर्ग’ करणार. करा, पण निदान एक चेहरा गिरवून बघा. हात कुठे चुकतो तिथेच ती शैली सापडेल.

मग उसनं घ्यायचंच नाही का? घ्यायचं, आणि बिनधास्त घ्यायचं. १९६५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात जुन्या जर्मन पोस्टरांचं प्रदर्शन भरलं. त्याचा कॅटलॉग सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस विल्सनच्या हाती पडला. त्यात व्हिएन्ना सेसेशन या कलावंतांच्या गटातल्या आल्फ्रेड रोलरची अक्षरं होती, आकारात ठासून भरलेली, दोन अक्षरांमध्ये जेमतेम फट. विल्सनने ती उचलली आणि रॉक संगीताच्या जलशांच्या पोस्टरांवर ओतली; तुमची सायकेडेलिक अक्षरं ती हीच. वाचायला त्रास होतो? होऊ दे. ज्याला त्या जलशाला यायचं आहे तो थांबून वाचेल, बाकीच्यांनी पुढे जावं. त्याचाच समकालीन व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात चित्रकार योझेफ आल्बर्सच्या हाताखाली रंग शिकला होता. शेजारी ठेवले की डोळ्यांना खुपणारे रंग कोणते, हे तो तिथे शिकला आणि नेमके तेच मुद्दाम शेजारी ठेवले. याला मी उसनवारीची उत्तम तऱ्हा मानतो. कारण मोस्कोसोला नियम इतका पाठ होता की तो कुठे उलटा करायचा हेही कळत होतं.

तुमची अडचण मात्र वेगळी आहे. फ्लेक्सवर एक रंग असो की हजार, चौरस फुटाचा दर तोच. फॉन्ट हवे तेवढे. दगड जुळवायचा नाही की स्टेन्सिल कापायचं नाही. पण हेच पोस्टर व्हॉट्सॲपवर जाणार, तिथे ते आधी अंगठ्याच्या नखाएवढं दिसणार, वर दाबून दाबून धूसर झालेलं. पाहणारा त्याला क्षणभर देईल, तोही दिला तर. शिवाय देवनागरीला वेलांट्या, उकार आहेत; छोट्या आकारात आधी तेच मरतात. ही आजची खरी शिळा आहे. तुम्हाला मिळालेल्या चळवळीने अशा वेळी काय टाकून दिलं असतं, हे स्वतःला विचारा. लोत्रेकने चेहरे टाकले, रोस्ताने नाजूकपणा टाकला, विल्सनने तर वाचनीयताच टाकली.

बरं, मागच्या भिंतीवर तुम्ही कच्ची कामं टाचून ठेवली आहेत. दिवे लावा. आधी सगळे जण दारापाशी जाऊन तिथूनच बघू, जवळ नंतर जाऊ. आणि कुणाचं पोस्टर कोणतं हे मला आत्ताच सांगू नका.