‘आज शाळेत काय केलं?’ ‘काही नाही.’

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात शिशुवर्गाच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय ‘बालशिक्षण : काळाची गरज’ असा छापलाय. तो मी दिलेला नाही. काळाला कशाची गरज आहे हे मला ठाऊक नाही. चार वर्षांच्या मुलाला सकाळी साडेदहाला कशाची गरज असते ते मात्र सांगता येईल, कारण ३१ वर्षं मी तेवढंच बघितलं. त्याला एकतर शू लागलेली असते, नाहीतर शेजारच्याच्या हातातलाच लाल ठोकळा हवा असतो. बहुतेक वेळा दोन्ही एकदम.

बारा वाजता आमच्या शाळेचं फाटक उघडायचं. गल्ली अरुंद, स्कूटर तिरक्या लावलेल्या, एक रिक्षा कायम मधोमध. मूल बाहेर आलं की पहिला प्रश्न पाण्याच्या बाटलीचा, दुसरा डब्याचा आणि तिसरा, ‘आज काय केलं शाळेत?’ उत्तर ठरलेलं. ‘काही नाही.’ मग आई माझ्याकडे बघायची. त्या नजरेत मला फीची पावती दिसायची.

मूल खोटं बोलत नसतं. तीन तासांतलं काय सांगण्याजोगं आहे ते निवडायचं, पुढचं-मागचं लावायचं आणि फाटकातल्या गर्दीत एका दमात बोलायचं, हे अवघडच काम आहे. आपण तरी ऑफिसातून आल्यावर काय सांगतो? ‘काही नाही गं, नेहमीचंच.’

त्याच मुलाने त्या सकाळी स्वतःच्या चपला पतंगाचं चित्र लावलेल्या खणात ठेवल्या होत्या. नाव वाचता येत नाही, पण हा पतंग म्हणजे मी, हे त्याला कळतं, आणि वाचनाची सुरुवात तिथेच होते. तांब्यातून चार पेल्यांत पाणी ओतलं, तिसऱ्याला सांडलं, फडकं आणून पुसलं, चौथ्याला तांब्या तिरका करायचा वेग कमी केला. लाल-पिवळा-पिवळा असे मणी ओवले. मैत्रिणीला चिमटा काढला आणि ती रडल्यावर आपला लाडू तिच्यापुढे केला. यातलं काहीही दप्तरातून घरी येत नाही. घरी येते ती वही. आणि वहीत सगळ्यात कमी शिक्षण असतं, हेच सांगायला मी आज आलेय.

आधी हाताचं बोलू, कारण सगळी भांडणं लिहिण्यावरून होतात. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती हाडं नसतात, नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक भाग असतो. त्याचं एकेक करून हाड होत जातं. चार वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर आठांपैकी साधारण तीन-चारच दिसतात. शेवटचं हाड दिसायला नऊ-दहा, कधी बारावं वर्षही उजाडतं. म्हणजे ज्या मनगटाला आपण ‘नीट गोल काढ’ म्हणून दटावतो, त्याचं बांधकाम अजून चालू आहे. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. स्लॅब ओला असताना वर कपाटं चढवत नाहीत.

हातावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे येतो. म्हणून आम्ही आधी जमिनीवर खडूने हातभर रेघा मारायला द्यायचो, ओल्या फडक्याने फळा पुसायला द्यायचो. मग कणीक मळणं, मटार सोलणं, मणी ओवणं. आणि मग रांगोळी. रांगोळी चिमटीत धरणारी तीन बोटं बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. पेन्सिल धरतात ती हीच तीन. दिवाळीच्या सुट्टीत मी ‘रोज उंबऱ्याशी पाच ठिपके घालणे’ एवढाच अभ्यास द्यायचे. दुसऱ्या दिवशी फोन. ‘बाई, लिहायचं काही नाही का?’

मीही सुरुवातीला लिहायचंच द्यायचे. नोकरीचं दुसरं वर्ष असेल. मोठ्या शिशूत एकाला मी वीस वेळा ‘क’ लिहायला सांगितला. त्याला आपण बंड्या म्हणू. बंड्या कधी नव्हे ते मान खाली घालून बसला, मी खूश. जवळ गेले तेव्हा दिसलं, त्याने आधी ओळीने वीस उभ्या दांड्या मारल्या होत्या. नंतर वीस डावीकडचे गोल. मग वीस उजवीकडच्या शेपट्या. शेवटी सगळ्यांच्या डोक्यावरून एक लांबलचक शिरोरेघ, लोकलच्या ओव्हरहेड वायरसारखी. वीस ‘क’ तयार, पण ‘क’ त्याने एकदाही लिहिला नव्हता! कारखान्यात सुटे भाग जोडतात तसे जोडले होते. आणि मी खाली चांदणी काढून दिली. घरी कौतुक झालं असणार. ती चांदणी मला अजून टोचते. डोकं त्याचं उत्तम चाललं होतं, पण ते मला नको होतं. मला पान भरलेलं हवं होतं.

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे, असंही कानावर येतं. परदेशातूनही आलंय, खरं आहे. किंडरगार्टन हा शब्द जर्मनीतल्या फ्रोबेलचा, १८४० सालचा. मारिया माँटेसरींनी रोममध्ये गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं ते १९०७ मध्ये. पण ठाणेकरांनी इतकं लांब कशाला जायचं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, तोवर हे सगळं आपल्या ठाणे जिल्ह्यातलंच. त्याआधी ताराबाईंनी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं, माँटेसरींची पद्धत त्यांना चांगली माहीत होती. पण ती महागडी लाकडी साधनं वारली मुलांच्या पाड्यावर कुठून आणणार? मग बिया आल्या, शंख-शिंपले आले, पानं, खडे, काड्या आल्या. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. मुलं गुरांमागे रानात गेली तर शाळाही मागोमाग कुरणात गेली. ती कुरणशाळा. तिथे आधी आंघोळ, नखं, केस, आणि मग बाकीचं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी म्हणतात. तो शब्द आपल्या मातीतला आहे. आणि आता आपल्या सोसायटीच्या तळमजल्यावर प्लॅस्टिकची घसरगुंडी ठेवली की त्या शाळेला इंटरनॅशनल म्हणतात. असो.

आता गणित. एका मुलीपुढे मी सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, समोरासमोर. सारखे आहेत का? हो. मग तिच्या देखत एक ओळ पसरून लांब केली. आता? ‘हे जास्त.’ मोज बघू. तिने बोट ठेवून मोजलं. सहा. दुसरी ओळ? सहा. मग जास्त कुठे? ती माझ्याकडे बघून अगदी समजुतीने म्हणाली, ‘बाई, हे जास्त सहा आहेत.’

स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेंनी मुलांना असेच प्रश्न विचारत आयुष्य काढलं. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही गोष्ट मुलांना साधारण पाच ते सातच्या दरम्यान पटते. पटते म्हणतेय मी, पटवता येत नाही. त्या मुलीला शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणता येत होते. पाहुण्यांपुढे म्हणायचीही. ती तिची कविता होती, गणित नव्हतं. चिंचोके गोल मांडायचे, ढीग करायचा, डब्यात टाकायचे, परत काढायचे, परत मोजायचे. असे दोन-तीनशे वेळा हाताखालून गेल्यावर एक दिवस ती माझ्यावर वैतागली. ‘तेच तर आहेत ना!’ त्या दिवशी वही कोरी होती.

त्यात आपल्या मराठीची गंमत वेगळीच. एकवीस म्हणताना एक आधी, लिहिताना दोन आधी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, पण लिहिलेल्या २९ मध्ये तिसाचा पत्ताच नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. तुमच्या घरात तर आजी एकवीस म्हणते, शाळा ट्वेंटी वन म्हणते आणि मूल दोघींकडे बघतं. नाव कोणतंही घ्या, मला त्याचं फार वाटत नाही. मात्र हातात दहा काड्यांच्या रबर लावलेल्या दोन जुड्या आणि एक सुटी काडी द्या. खराट्याच्या काड्या फुकट मिळतात.

आणि खेळ. पूर्वी आमच्या भातुकलीच्या कोपऱ्यात चहा व्हायचा, बाहुलीचं लग्न व्हायचं. मी निवृत्त झाले त्या वर्षीचा प्रसंग सांगते. एक मुलगी खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर वही. एक मुलगा खोका घेऊन आला.

‘पार्सल.’

‘कुठल्या फ्लॅटला?’

‘वरच्या.’

‘ओटीपी सांगा.’

‘चार, सात, आंबा, दोन.’

तिने वहीत डावीकडून उजवीकडे चार नागमोडी रेघा ओढल्या. ‘जा.’ मागून दुसरा आला, काठी टेकत. ‘मी आजोबा आहे.’ ओटीपी? ‘आजोबांना नसतो.’ आणि इथे काम अडलं. आजोबांना ओटीपी लागतो की नाही यावर पाच मिनिटं खल झाला. सहा जणं जमली. एकाचं म्हणणं, आजोबा इथेच राहतात. दुसरी म्हणाली, खोटे आजोबा पण येतात. शेवटी ठरलं, आजोबांना ओटीपी नको, पण सही लागेल. आजोबांनी सही केली.

मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते. आकडे म्हणजे खुणेचा निरोप, लिहिलेलं मागे उरतं, नियम सगळ्यांना लागू असतो आणि तरी अपवाद करावा लागतो. पाच वर्षांची मुलं यावर बोलत होती. शिवाय ते आजोबा झालेले महाशय एरवी सतरंजीवर दोन मिनिटं टिकायचे नाहीत, ते तिथे काठी धरून रांगेत उभे. मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्कींच्या परंपरेतल्या रशियन अभ्यासकांनी हे तपासून पाहिलंय. ‘हलू नकोस’ म्हटलं तर मूल लगेच हलतं, पण पहारेकरी केलं तर कितीतरी जास्त वेळ स्थिर राहतं. आपण मात्र ‘खेळ पुरे, आता अभ्यास’ म्हणून पहारेकऱ्याला ड्युटीवरून उठवतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयासाठी. त्याआधीची तीन वर्षं त्याच्या बाहेर. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने ३ ते ८ हा एक सलग पायाभूत टप्पा मानला, म्हणजे शिशुवर्ग आणि पहिली-दुसरी एकाच धाग्यात आली. कागदावर छान आहे. पण पहिलीच्या प्रवेशाला मूल लिहितं का हे जोवर विचारलं जाईल, तोवर शिशुवर्गाच्या बाई दांड्या मारून घेत राहणार. त्यांना दोष देऊ नका, मीही मारून घेतल्यात.

आता तुमचा प्रश्न असणार, मुलाला विचारायचं तरी काय? फाटकात काहीच विचारू नका. त्याला भूक लागलेली असते. संध्याकाळी लसूण सोलायला शेजारी बसवा आणि आधी तुमचं सांगा. एका आईला मी हे सुचवलं होतं. ती रोज सीएसएमटीहून यायची. तिने लेकाला सांगितलं, आज आमची गाडी मुलुंडला वीस मिनिटं उभीच होती, पुढे सोडेचनात.

तो बराच वेळ पाकळी सोलत राहिला आणि म्हणाला, ‘तिच्याकडे पण ओटीपी नव्हता?’